बारावी जोडी

पाकीट मी बसमध्येच फोडलं आणि तीन थांबे पुढे गेलो. एरवी मी पाकीट घरी नेऊन, हात धुऊन, जवळचा चष्मा लावून फोडणारा माणूस. पण यावर आमच्या जुन्या प्राणिशास्त्र विभागाचा शिक्का होता, आणि निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेल्या माणसाला विभागाकडून पाकीट येतं तेव्हा एक तर कुणीतरी गेलेलं असतं, नाही तर आपल्याकडून काहीतरी परत करायचं राहिलेलं असतं. आत एका नव्या पुस्तकाचं पान होतं, छपाईला जायच्या आधीचं, आणि त्याला टाचणीने लावलेला परवानगीचा फॉर्म. पानभर माझं चित्र होतं. माझं म्हणजे माझ्या चेहऱ्याचं नव्हे, तो कोण कशाला छापेल. एकतीस वर्षांपूर्वी मी कात्रीने कापून डिंकाने चिकटवलेली एका झाडबेडकाची गुणसूत्रं. लहानमोठ्या काळ्या काड्यांच्या बारा जोड्या, शाळेतल्या मुलांसारख्या उंचीप्रमाणे ओळीत उभ्या केलेल्या. संशोधनपत्रिकेच्या जुन्या अंकात हे चित्र काडेपेटीएवढं छापलं होतं. आता ते तळहाताहून मोठं झालं होतं, कुणीतरी काळजीने साफ केलेलं, उजळलेलं. आणि बाराव्या जोडीच्या खालच्या टोकापाशी मला केसाएवढी एक आडवी रेघ दिसली. दोन्ही काड्यांवर, एकाच उंचीवर. "आजोबा, उठताय की बसताय?" शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, कारण मी दांडीला धरून, कागद नाकाशी लावून, अर्धवट उठून तसाच राहिलो होतो. मी बसलो. माझा थांबा गेला. ती रेघ कशाची आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि थोड्या वेळाने तो चुकीच्या थांब्यावर उतरून उलट्या दिशेने चालू लागला.

चालताना मला राग आला. हे मुद्दाम लिहायला हवं, कारण मला राग येत नाही. मला लाज येते, घाम येतो, आपलंच काहीतरी चुकलं असेल असं वाटतं. दाराला कुलूप लावल्यावर दोन जिने उतरून परत वर जाऊन ते ओढून बघणारा मी माणूस. विभागात मला सगळे मोजणीमास्तर म्हणत, त्यात कौतुक किती आणि थट्टा किती हे मी कधी मोजलं नाही. माझं काम एवढंच होतं की बेडकाच्या पेशी औषध घालून दुभंगायच्या ऐन क्षणी थांबवायच्या, पाण्यात फुगवायच्या, आणि हातभर उंचीवरून त्यांचा एक थेंब गार काचेवर सोडायचा. थेंब आपटतो, पेशी फुटते आणि आतली गुणसूत्रं सांडलेल्या काड्यांसारखी पसरतात. मग त्यांचा फोटो काढायचा, मोठा करायचा, एकेक काडी नखं कापायच्या कात्रीने कापायची आणि जोड्या लावायच्या. प्रत्येक जोडीतली एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एवढा खटाटोप कशासाठी, तर झाडबेडूक दिसायला इतके सारखे असतात की बाहेरून काही कळत नाही. तोच हिरवा रंग, ओठाखाली तीच पांढरी किनार, बोटांना त्याच चकत्या. दोन वेगळ्या जाती एका पानावर शेजारी बसल्या तर आपल्याला दोन भावंडं वाटतील. पण पेशीत किती काड्या आहेत ते मोजलं की एखादी जात पकडली जाते. या मोजण्यावर माझं प्रेम होतं. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचं मला खात्रीलायक उत्तर मिळालेलं नाही.

आमचे विभागप्रमुख, मोठे सर, आता नाहीत. माणूस दिलदार, आवाज घंटेसारखा, घाई फार. त्यांनी डोंगरावरच्या बेडकांची चोवीस गुणसूत्रं जाहीर केली होती आणि त्या उत्साहात जाड पुठ्ठ्याची कार्डं छापून घेतली होती, प्रत्येक कार्डावर बारा चौकोन. चोवीस म्हणजे बारा जोड्या, एकेका चौकोनात एकेक. पाचशे कार्डं. मग एका वर्षी शहराबाहेरच्या दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यावरून तसलेच हिरवे बेडूक आले. मी मोजले. सव्वीस. परत मोजले. चौदा पेशींपैकी अकरांत सव्वीस, बाकीच्या तिनांत काड्या नीट पसरल्या नव्हत्या. बारा जोड्या चौकोनांत बसल्या आणि एक बारकी जोडी, तिळाएवढे कागदाचे दोन तुकडे, माझ्या हातात राहिली. तेराव्या चौकोनाची सोय नव्हती. ते तुकडे पंख्याच्या वाऱ्याने दोनदा टेबलाखाली गेले, दोनदा मी गुडघ्यांवर बसून शोधले. शेवटी हरवू नयेत म्हणून डिंकाचा एकेक ठिपका लावून मी ते बाराव्या जोडीच्या खाली टेकवले. तात्पुरते. सकाळी सरांना विचारायचं होतं की तेराव्या जोडीचं काय करू. सकाळी मी पोचलो तेव्हा कार्ड टेबलावर नव्हतं. सरांनी त्याचा फोटो काढून घेतला होता. "वा, मोजणीमास्तर! या बाराव्या जोडीची खालची भुजा बघितलीत का केवढी लांब आहे? खाणीतल्या बेडकाची ओळख आहे ही! काड्या त्याच चोवीस, फक्त एक जोडी लांब. एकच जात, थोडा फरक. हेच ना?" आणि दारात चप्पल काढता काढता मी म्हणालो, "हो."

हा एक शब्द मी एकतीस वर्षं तपासतो आहे. मी काय ऐकलं, त्यांनी काय विचारलं, माझा एक पाय चपलेत होता म्हणून मी घाईत होतो का. दुपारी सांगू असं ठरवलं होतं, दुपारी बाहेरगावचे पाहुणे आले. आठवड्याने सांगू असं ठरवलं, तोवर सरांनी मजकूर टाइप करायला दिला होता आणि त्यावर दुसरं नाव माझं होतं. माझं नाव त्यापूर्वी फक्त हजेरीपटावर छापील असायचं. त्या रात्री घरी येऊन मी हिला सांगितलं की माझं नाव येणार, आणि ही इतकी हसली, इतकी खूश झाली, की पुढचं वाक्य माझ्या तोंडातच विरलं. पुढे लांब भुजेला पाय फुटले. इतरांनी तिचा उल्लेख केला, परीक्षेत तिच्यावर प्रश्न आला, एका परदेशी माणसाने पत्र लिहून तिची कारणमीमांसा मांडली, मोठी हुशार होती ती. मी तेवढ्या काळात स्वतःला पटवून दिलं की सव्वीस हीच माझी चूक असेल. पाणी जास्त झालं असेल, काड्या तुटल्या असतील, ते दोन तुकडे म्हणजे खरंच बाराव्याच जोडीचे मोडलेले पाय असतील आणि मी नकळत ते योग्य जागी लावले असतील. स्वतःवर संशय घेण्याची सवय असलेल्या माणसाला हे फार सोपं जातं. माझा भित्रेपणा मी नम्रतेच्या कपाटात ठेवला आणि सगळे म्हणाले, किती साधा माणूस.

घरी ही शेंगा सोलत बसली होती. मी पान तिच्यापुढे ठेवलं आणि चष्मा न काढता, उभ्याउभ्या सगळं सांगितलं, डिंकापासून त्या 'हो'पर्यंत. तिने शेवटची शेंग सोलली. मग म्हणाली, "म्हणजे झोपेत 'चिकटलंय, चिकटलंय' म्हणायचात ते हे होय? मला वाटायचं, मोरीचं दार." "तुला काहीच वाटत नाही?" "वाटतं की. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. आता कुणाकुणाला फोन करू?" मी खुर्चीत बसलो. तिने त्या रेघेवरून नख फिरवलं, जणू ती अजून निघेल. "छान चिकटवलंय पण," ती म्हणाली. "माझ्या खिडकीच्या पडद्याचं काम कधी एवढं नीट केलं नाहीत. सही करणार?" "नाही." "मग तसं सांगून या. इथे मला सांगून काय उपयोग, मला बेडूक एकसारखेच दिसतात."

विभागाच्या आताच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्या मुलीला मायक्रोस्कोपला डोळा लावायला मी शिकवलं होतं. ती मला काका म्हणते. मी तिला पूर्वी अगं म्हणायचो, आता अहो म्हणतो आणि दोघांनाही अवघडायला होतं. खोली तीच, पण तिच्यात गुंजणारी पांढरी यंत्रं आली होती आणि खिडकीतलं गार काचा ठेवायचं फडताळ गेलं होतं. मी सांगत असताना ती मध्ये एकदाही बोलली नाही, हे मला फार जड गेलं. मोठे सर असते तर तिसऱ्या वाक्याला मला थांबवून त्यांनी माझी सुटका केली असती. "काका," शेवटी ती म्हणाली, "पुस्तक शुक्रवारी छपाईला जातंय. आणि तुम्ही मला सांगताय की त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र डिंकाचं आहे." "हो." "मूळ स्लाइड?" "फिकट होऊन गेल्या. टाकल्या असतील." "कुणाला दाखवलं होतं तेव्हा? कुठे लिहून ठेवलं होतं?" "नाही." ती उठून खिडकीपाशी गेली. "आम्ही डीएनए केलंय. एकच जात आहे." "कुठल्या बेडकांचं केलंत?" "डोंगरावरच्या." "आणि खाणीतल्या?" ती माझ्याकडे वळली. मग जरा चिडून म्हणाली, "खाणीत आता कोण जातं, काका? चारी बाजूंनी इमारती झाल्यात. आणि हल्ली गुणसूत्रं मोजत कोण बसतं? तुमची आठवण खरी कशावरून? तुम्हीच आत्ता म्हणालात, मलाच कधी कधी शंका येते." हे मी म्हणालो होतो. प्रामाणिकपणा दाखवायच्या भरात मी नेहमी समोरच्याच्या हातात काठी देतो. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी हसून उठलो असतो. मी उठलो नाही. मी तिचा कोपऱ्यातला जुना मायक्रोस्कोप बघत होतो, ज्याच्यावर प्लास्टिकची पिशवी घातली होती, आणि माझ्या तोंडून मला न ओळखू येणाऱ्या आवाजात निघालं, "मी बसतो मोजायला. शुक्रवारपर्यंत हे टेबल माझं." तिने माझ्या हातांकडे बघितलं. ते थरथरतात. मी ते लपवले नाहीत.

खाणीवर ही माझ्याबरोबर आली, घरातली चहाची गाळणी आणि झाकणाची बरणी घेऊन. "पडलात तर सांगायला कुणी हवं," एवढंच तिचं म्हणणं. इमारतींच्या मागच्या भिंतींमधून एक चिंचोळी वाट आत जात होती आणि आत अचानक ते पाणी होतं, हिरवं, कोपऱ्यात पिशव्या तरंगत असलेलं, कापलेल्या दगडाच्या उभ्या कड्यांमध्ये. एकतीस वर्षांनी मी तिथे गुडघ्यांवर बसलो. वरच्या कुठल्यातरी गच्चीतून एका माणसाने ओरडून विचारलं, "ओ, काय शोधताय?" आणि ही तितक्याच जोरात म्हणाली, "यांची अब्रू!" तो हसला, मला हसू आलं नाही, मग आलं. काठाच्या दगडांपाशी बेडूकमासे होते, शेपटी हलवत स्थिर राहणारे. मोठ्या बेडकाला मारावं लागायचं. बेडूकमाशाच्या शेपटीचं नुसतं टोक पुरतं, ते परत वाढतं. पूर्वी हे मला ठाऊक असूनही मी तसं कधी केलं नव्हतं, सर म्हणत शेपटीत वेळ जातो. सात बेडूकमासे गाळणीत आले. ही बरणी उन्हाला धरून बघत म्हणाली, "यातला कोण कुठला हे यांना तरी माहीत असेल का?" तिने ते सहज म्हटलं होतं. मी घरी येईपर्यंत ते वाक्य चघळत राहिलो आणि त्यातून मला काहीच सुचलं नाही, हे इथे कबूल करतो.

बुधवारी टोकं औषधात घातली, बेडूकमासे आम्ही परत पाण्यात सोडून आलो. गुरुवारी थेंब सोडायचा दिवस. हातभर उंचीवरून थेंब नेमका काचेवर पाडणं हे सगळं कसब मनगटाचं आहे, आणि माझं मनगट आता माझं ऐकत नाही. पहिल्या शेपटीचे थेंब काचेच्या कडेवर गेले. दुसरीचे एकावर एक पडले. तिसरी, चौथी, दोन्ही वाया. पेशी न फुटता तशाच, मुठी वळलेल्या. तेव्हा मला ऐकू आलं, घंटेसारख्या आवाजात, "राहू द्या मोजणीमास्तर, होतं असं," आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या प्रेमळ आवाजाला मनातल्या मनात म्हणालो, गप्प बसा. पाचवीला मी उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं, कोपर भिंतीला टेकवलं आणि वयाची, पदाची काही शोभा न ठेवता, मोडक्या नळासारखा वाकून थेंब सोडला. तो सुरेख फुटला. उरलेल्या दोन शेपट्या पुन्हा बिघडल्या, पण पाचवीच्या काचेवर मला एकोणीस पसरलेल्या पेशी सापडल्या, स्वच्छ, जांभळ्या, तरुणपणी दिसायच्या तशा. शुक्रवारी सकाळी मी मोजायला बसलो.

पंचवीस. मी डोळा काढला, चष्मा पुसला. एखादी काडी दुसरीच्या खाली लपली असेल. पुढची पेशी. पंचवीस. यासाठी मी तयार नव्हतो. चोवीस आले असते तर मी चुकलो होतो आणि गप्प बसलो ते बरं झालं. सव्वीस आले असते तर मी बरोबर होतो. पंचवीस म्हणजे तर मला मोजताच येत नाही. विषम आकडा, जोड्या लागतच नाहीत. माझं मन लगेच आपल्या जुन्या धंद्याला लागलं. एक काडी वाढवून सव्वीस म्हण, एक तुटली असेल. किंवा एक कचऱ्याचा कण समजून सोड, चोवीस म्हण. कुणाला कळणार आहे, ते मन म्हणालं, तुझ्याशिवाय. मी तिसरी पेशी लावली, चौथी, अकरावी. एकोणीसपैकी सतरा पेशींत पंचवीस. मग मी आकडा सोडून दिला आणि काड्यांकडेच बघत बसलो. एक मोठी, तिची जोडीदार. दुसरी, तिची जोडीदार. बारा जोड्या नीट लागत होत्या, बाराव्या जोडीचे पाय आखूड, कुठलीच लांब भुजा नाही. आणि एका बाजूला ती बारकी, तिळाएवढी, एकटी. तिला जोडीदार नव्हता. निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून, हे मी शेकडो मुलांना शिकवलं होतं आणि आत्ता मला ते बोटांवर करावं लागलं. एकाकडून बारा. दुसऱ्याकडून तेरा. त्या पाण्यात दोन्ही होते. डोंगरावरचा चोवीसवाला आणि खाणीतला सव्वीसवाला, एकमेकांसारखे दिसणारे, एकमेकांनाही न ओळखणारे, आणि हे त्यांचं पोर. 

मॅडम दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझा कोरा फॉर्म होता. "काका, छापखान्याचा दोनदा फोन आला. चोवीस की सव्वीस?" "पंचवीस." तिच्या चेहऱ्यावर आधी दया आली, ती मला ओळखीची आहे. "पसरताना एखादी काडी जाते, काका. तुम्हीच सांगायचात." "सतरा पेशींतून तीच एक गेली?" "मग त्या पिल्लातच एक कमी असेल. असतं असं." "असेल ना. पण एक कमी कशातून? सव्वीसातूनच. चोवीसातून कमी झाली तर तेवीस होतात. तू कसंही मांड, ती तेरावी काडी आहे. बाराव्या जोडीला आखूड पाय आहेत आणि तेरावी आहे." मी तिला तू म्हणालो होतो, आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं. "एका शेपटीवर, काका? एका शेपटीवर मी सगळ्यांना चूक म्हणू?" "सगळ्यांना नको म्हणूस. मला म्हण. बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांचं चुकलं." "तुमचं एक नाव आहे त्या चित्रावर. तेवढंच आहे. ते जाईल." मी उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस इथे. तुझे डोळे चांगले आहेत."

ती बसली. थोडा वेळ तिने नुसता प्रकाश कमीजास्त केला, रागाने. मग तिचा खांदा स्थिर झाला आणि ओठ हलायला लागले. ती कुठपर्यंत पोचली हे मी विचारलं नाही. एरवी मी तिच्या ओठांवरून तिचा आकडा वाचायचा प्रयत्न केला असता, आणि तो माझ्याहून वेगळा वाटला असता तर माझा बदलला असता. मी फॉर्म ओढला. परवानगी आहे किंवा नाही, असे दोन चौकोन होते आणि खाली चित्रासोबतच्या मजकुरासाठी तीन रिकाम्या ओळी. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येण्याजोगं आलं. मी लिहिलं: चित्र छापायला परवानगी आहे, पण या ओळींसकट. बाराव्या जोडीची लांब भुजा खरी नाही. खाणीतल्या बेडकाच्या तेराव्या जोडीचे तुकडे मी तिथे डिंकाने लावले, मला विचारल्यावर हो म्हणालो आणि एकतीस वर्षं गप्प राहिलो. खाणीतल्या पाण्यात झाडबेडकांच्या दोन जाती आहेत. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि सही केली.